'ह'च्या शेपटीतली फट

आण्णा, आज पुन्हा एकाची तक्रार आली. तुमच्या अक्षरातला 'ह' बिघडलाय म्हणे. त्याची शेपटी मध्येच जाड होते, लहान आकारात तर डाग पडल्यासारखी दिसते, तेवढी दुरुस्त करून पॅकेज पुन्हा पाठवा, असं विदर्भातल्या एका प्राध्यापकांनी अगदी नम्रपणे लिहिलंय. याआधीही काही जणांनी हेच लिहिलं होतं. प्रत्येकाला मी 'बघते' म्हणून कळवते आणि बघत नाही. तुम्हाला यातलं किती उमगेल कोण जाणे, तुम्ही गेलात तेव्हा आपल्या पेठेत कुणी संगणक पाहिलासुद्धा नव्हता. सोपं करून सांगते. आता शिशाचे खिळे नसतात. अक्षराचा नुसता आकार असतो, तो मी काढून ठेवते. ज्यांना पुस्तक, प्रबंध, यात्रेचं पत्रक काय हवं ते जुळवायचं असेल ते तो फुकट उतरवून घेतात, आणि त्यांच्या संगणकातली जुळणीची व्यवस्था तो वापरून पानं लावते. त्या सगळ्या आकारांच्या गाठोड्याला पॅकेज म्हणायचं, आणि ते सांभाळायचं काम माझं. ती व्यवस्था अधूनमधून बदलते, मग कुणाची वेलांटी सरकते, कुणाचा रफार शेजारच्या अक्षरावर चढून बसतो, आणि सगळे मला लिहितात. तुम्ही रॉकेल आणि ब्रश घेऊन जे करत होता तेच मी खुर्चीत बसून करते. हात काळे होत नाहीत, एवढाच फरक.

बाकीच्या तक्रारी मी त्याच दिवशी निपटते. 'ह'चं पत्र आलं की मात्र भीती वाटते. केस पिकले, नातवंडं झाली, तरी वाटते. त्याचं कारण सांगता येईल असं आता कुणी उरलेलं नाही. तुम्ही होता तेव्हा आपण त्या विषयावर एक शब्द बोललो नाही. बोलायचं धाडस तुम्हाला नव्हतं की मला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तो फाँट, म्हणजे एका वळणाच्या खिळ्यांचा संच, तुमच्या एकट्याचा नव्हता. पुण्याच्या खिळे ओतणाऱ्या फाउंड्रीवाल्याने ठरावीक वजनाच्या खाली शिसं ओतायला नकार दिला, आणि तेवढा टाइप ठेवायला ना तुमच्याकडे जागा ना सांगलीच्या काकांकडे. तुम्ही दोघं पुण्यात एकाच छापखान्यात जुळणी शिकलेले, तेव्हापासूनचे दोस्त. मग तुम्ही एकच फाँट घेतलात आणि निम्मा साताऱ्याला, निम्मा सांगलीला नेलात. वेगळे निघालेले भाऊ भांडी वाटून घेतात तसे तुम्ही खिळे वाटून घेतलेत. पण वाटणी कागदावरच राहिली. लग्नसराईत आमच्याकडे 'श्री' कमी पडायचे, त्यांच्याकडे कारखान्याचा अहवाल निघाला की आकडे. मग लगेच निरोप जायचा, आणि पत्र्याचा बिस्किटांचा डबा फडक्यात घट्ट बांधून एस.टी.च्या कंडक्टरच्या पायाशी बसून यायचा. काम झालं की खिळे धुऊन, पुसून, तसाच परत. त्याला आपण 'सांगलीचा डबा' म्हणायचो, ते म्हणे त्याला 'साताऱ्याचा डबा' म्हणत. काका जैन, दिवस मावळल्यावर जेवायचे नाहीत, त्यामुळे आले तरी दुपारच्या गाडीने परत जायची घाई. जाताना दर वेळी केसपाशी, म्हणजे खिळ्यांच्या खणाखणांच्या लाकडी मांडणीपाशी, उभे राहून एक 'ह' उचलायचे, उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "आपला लंगडा बरा हाय न्हवं?" कारण त्या ओतणीतल्या प्रत्येक 'ह'च्या शेपटीत केसाएवढी फट होती. फाउंड्रीच्या साच्यातच काहीतरी अडकलं असणार. परत पाठवा म्हणून मी किती सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "असू दे. सरकारी कामात ओळखीचा माणूस बरा, तसा केसमध्ये ओळखीचा खिळा." त्या वाक्याला आम्ही सगळे हसलो होतो.

मी मॅट्रिक होऊन तुमच्याकडे जुळणीला बसले. ट्रेडलवर, पायाने चालवायच्या छपाईयंत्रावर, मामा असायचे. खरे मामा नव्हेत, फौजेतून पेन्शन घेऊन आलेले, पण छापखान्यात येणाऱ्या गिऱ्हाइकापासून मांजरापर्यंत सगळ्यांचे मामा. एकदा तुम्ही बाहेर गेलात आणि एका लग्नपत्रिकेवर मी आणि मामांनी जरा सढळ हाताने शाई लावली. पत्रिका काळीभोर, मला तर फार छान वाटली. तुम्ही आलात, एक पत्रिका उचललीत, खिडकीशी नेलीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही माझं बोट धरून पत्रिकेवर ठेवलंत आणि म्हणालात, "पोरी, अक्षराला पोट असतं. 'ब'चं पोट बघ, 'ध'ची गाठ बघ. तिथं शाई घुसली की अक्षर मेलं. हे माझ्या नावानं बाहेर जाणार नाही." सगळा गठ्ठा रद्दीत गेला, जुळवून आवळलेला खिळ्यांचा फर्मा पुन्हा धुतला, पुन्हा छापला, आणि मामा दोन दिवस माझ्याकडे बघून नुसते मिशीत हसत राहिले. त्या दिवसापासून कोणताही छापील कागद हातात आला की मी आधी 'ब'चं पोट बघते. अजूनही बघते, लोक मजकूर वाचतात तेव्हा.

मग आणीबाणी आली. आधी वाटलं दिल्लीचं काहीतरी आहे. मग गल्लीतले एक मास्तर सकाळी शाळेत गेले ते परतले नाहीत, पोवई नाक्यावरच्या एका वकिलांना घरातून नेलं, आणि तुम्ही जेवताना बोलेनासे झालात. प्रत्येक छपाईखाली छापखान्याचं नाव ठळक टाकायचं, एकही कागद बिननावाचा जाता कामा नये, असं तुम्ही मला दररोज बजावायचात. त्याच दिवसांत सांगलीहून निरोप आला, 'ह' पाठवा, असतील तेवढे. तुम्ही आपले जवळजवळ सगळे 'ह' डब्यात भरलेत. मी थट्टेने विचारलं, "काकांना एवढे 'ह' कशाला? सांगलीत सगळे एकदम 'हो हो' म्हणायला लागले की काय?" तुम्ही हसला नाहीत. "लागत असतील," एवढंच म्हणालात आणि फडक्याची गाठ आणखी आवळलीत. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मला तेव्हा काहीच कळत नव्हतं.

श्रावणातली ती सकाळ मला आज, आत्तासुद्धा, या टेबलाशी बसून दिसते. हवा चिकट आहे. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून प्रूफ बघताय. जीप थांबल्याचा आवाज येतो आणि दारात एक इन्स्पेक्टर उभे राहतात, मागे हवालदार. इन्स्पेक्टर नवखे, आपल्या भागातले नव्हेत, बोलणं स्वच्छ आणि थंड. ते खिशातून घडी घातलेला कागद काढतात, तुमच्यासमोर उलगडतात. स्टँडच्या भिंतीवर चिकटवलेलं पत्रक. कुणाकुणाला उचलून नेलं, कुठे ठेवलं, सगळं त्यात छापलेलं. खाली छापखान्याचं नाव नाही. ते म्हणतात, "नीट बघा. यातला प्रत्येक 'ह' तुटका आहे. शेपटीत फट आहे. ज्याच्याकडे असा 'ह' सापडेल तो माझा माणूस. जिल्ह्यातल्या सगळ्या छापखान्यांकडून नमुने घेतोय, तिकडे सांगलीतही घेतायत. तुमच्याकडच्या प्रत्येक टाइपाचा, 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत, एका कागदावर नमुना छापा. दुपारी मी येईन. हवालदार इथे बसेल."

मी कागदाकडे पाहिलं. आपला लंगडा. ओळीओळीत आपला लंगडा. 'आहे'मध्ये तो, 'नाही'मध्ये तो. जाता जाता इन्स्पेक्टरांनी केसमध्ये हात घातला आणि एक खिळा उचलला. 'ह'च्या खणाला लागून असलेल्या खणातला. त्यांनी तो उलटसुलट केला, काही कळलं नाही, आणि बोटांना लागलेलं काळं रुमालाला पुसत निघून गेले. तुम्ही इतका वेळ कागदावरून नजर काढली नव्हती. मला वाटलं, तुम्ही आता काहीतरी बोलाल. तुम्ही म्हणालात, "हवालदारांना चहा सांग."

आण्णा, मी घाबरले होते असं म्हणणं फार कमी आहे. चहा आईनेच करून दिला. माझ्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. हा फाँट दोघांकडेच आहे. आपलं नाव आलं तर तुम्हाला नेतील. तुम्ही नाही म्हणालात तर विचारतील, मग आणखी कुणाकडे आहे? आणि तुम्ही काकांचं नाव घेणार नाही, हे मला माहीत होतं म्हणूनच मला जास्त भीती वाटत होती. तरी एक आशा होती. आपल्या खणात 'ह' जेमतेम उरले होते, बाकीचे सगळे सांगलीत. दुसऱ्या टाइपाचे 'ह' त्या खणात टाकता येतील, कुणाला काय कळणार, असं मी मनाशी रचत होते. हवालदाराची पाठ फिरली की हे तुम्हाला सांगायचं मी ठरवलं.

आणि तेवढ्यात दारात एस.टी.चा कंडक्टर. "आण्णा, सांगलीचा डबा आलाय. आज लय जड हाय बगा, पाय अवघडला माजा." त्याने डबा फळीवर ठेवला आणि तो गेलासुद्धा. हवालदार उठला. बिचारा वाईट माणूस नव्हता, पण काम म्हणजे काम. "काय हाय ओ यात?" तुम्ही शांतपणे सांगितलंत, "खिळे. आमची सांगलीशी देवघेव असते." त्याने फडकं सोडलं. डबा 'ह'नी काठोकाठ भरलेला. आपण पाठवलेले तर होतेच, पण त्यांच्या वाटणीचेही सगळे होते. आणि ते धुतलेले नव्हते. सांगलीच्या काकांनी इतक्या वर्षांत एक खिळा न धुता परत पाठवला नव्हता. या डब्यातल्या खिळ्यांवर शाई ओली होती. मला एकदम सगळं समजलं. पत्रक त्यांनी छापलं होतं, सांगलीतही पोलीस दारोदार फिरत होते, आणि काकांनी घाईघाईत आपल्या घरातला सगळा पुरावा उचलून आपल्या दोस्ताच्या दारात पाठवला होता. मला त्या माणसाचा इतका राग आला की क्षणभर भीतीसुद्धा विसरले. हवालदाराने बोटाला लागलेली शाई बघितली आणि म्हणाला, "सायबांनी समद्या खिळ्यांचा नमुना मागितलाय न्हवं? मग ह्येंचा बी काढा." तुम्ही म्हणालात, "काढतो की."

तुम्ही जुळणीची स्टिक हातात घेतलीत आणि नमुना जुळवलात. त्या फाँटच्या ओळीत 'ह'च्या जागी डब्यातला 'ह' ठेवलात, हवालदाराच्या देखत. खाली आपल्या छापखान्याचं नाव जुळवलंत, सगळ्यांत मोठ्या टाइपात. फर्मा मशीनवर चढवलात. मग शाईच्या डब्यापाशी गेलात आणि पाटीवर शाई घातलीत. आणखी घातलीत. दाब वाढावा म्हणून दाब्याखाली कागदाची जाड गादी स्वतः घातलीत. मामा बघत राहिले. "आण्णा, शाई लय झाली. अक्षर बुजतंय." तुम्ही म्हणालात, "बुजू दे." मामांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "आवं, पोटं भरत्याली समदी." तुम्ही त्यांच्याकडे बघितलंत. फौजेतला माणूस, हुकूम ओळखतो. त्यांनी पुढे एक शब्द न बोलता पाय ट्रेडलवर ठेवला.

पहिला कागद निघाला. मी तो खिडकीशी नेला, तुम्ही शिकवलं होतं तसा. 'ब'चं पोट नाही. 'ध'ची गाठ नाही. 'ह'ची शेपटी सलग, जाड, काळी. फट गेली होती. आणि खाली आपलं नाव, ते सुद्धा काळं चिखलासारखं. तुम्ही माझ्या खांद्यावरून तो कागद बघितलात आणि तोंड फिरवलंत. ते मी पाहिलं. हवालदाराने पाहिलं नाही.

दुपारी इन्स्पेक्टर आले. त्यांनी भिंग काढलं. पत्रक एका बाजूला, आपला नमुना दुसऱ्या बाजूला, आणि भिंग 'ह'वर. बराच वेळ. आई आतल्या दाराशी पदर तोंडात धरून उभी होती. मग त्यांनी मान वर केली. "एवढी शाई?" मामा पुढे झाले. "साहेब, सरसाचे रोलर हायती. ही अशी हवा आसली की फुगत्यात. श्रावणात आमी कुटं काय चांगलं छापतो." इन्स्पेक्टरांनी तुमच्याकडे बघितलं. "तुमची छपाई जिल्ह्यात एक नंबर असं ऐकून आलो होतो. हीच का ती? नाव एवढं मोठं टाकायला लाज नाही वाटली?" तुम्ही हात जोडलेत आणि मान खाली घालून म्हणालात, "चुकलं साहेब. यंत्र जुनं झालं." त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात टाकली, आणि जीप निघून गेली. हवालदार मागे वळून म्हणाला, "आण्णा, पुतनीच्या लग्नाच्या पत्रिका तुमच्याकडंच टाकनार हुतो. आता इचार करावा लागंल." तो थट्टा करत होता की खरं बोलत होता, मला आजवर कळलेलं नाही.

तुम्ही हौदाशी जाऊन हात धुतलेत. रॉकेलने, मग साबणाने, मग पुन्हा रॉकेलने. मी टॉवेल घेऊन उभी होते. मला वाटलं, आता तरी काकांना शिव्या घालाल. तुम्ही टॉवेल घेतलात आणि म्हणालात, "आज बघितलंस ते शिकू नकोस." मग आत जाऊन डब्यातले 'ह' धुवायला बसलात, एक एक, संध्याकाळपर्यंत.

आणीबाणी उठल्यावर काका आले. हातात द्राक्षांची पाटी, डोळे खाली. मी पाणीसुद्धा नेऊन दिलं नाही, आईने दिलं. मी केसच्या आड उभी राहून ऐकत होते. काका म्हणाले, "भ्यालो रं गड्या. लय भ्यालो. डबा गाडीत चढवला आन् मग कळलं मी काय केलं." मी वाट बघत होते की तुम्ही त्यांना काय ऐकवाल. तुम्ही म्हणालात, "मी पण भ्यालो." एवढंच. मग तुम्ही दोघं शाईच्या भावाबद्दल बोलत बसलात आणि दुपारच्या गाडीला तुम्ही त्यांना पोचवायला गेलात. माझा राग त्या दिवशी कुठे गेला ते समजलं नाही, पण भीती गेली नाही. तुम्हालाही भीती वाटली होती हे कळल्यावर ती उलट वाढलीच.

पुढे छापखाने बंद पडले. तुम्ही गेलात. काका गेले तेव्हा त्यांच्या मुलाने त्यांच्याकडचा निम्मा फाँट साताऱ्यात आणून दिला, त्याच पत्र्याच्या डब्यांतून, धुऊन पुसून. म्हणाला, बाबांनी सांगून ठेवलं होतं. असा तो पुरा फाँट माझ्या घरात आला, आणि मोकळा वेळ मिळाल्यावर मी त्यातला एकेक खिळा छापून, मोठा करून, त्याचा आकार संगणकात काढला. 'ब'च्या पोटाला किती जागा, 'ध'ची गाठ किती मोकळी, सगळं तुमच्यासारखं. 'ह'पाशी आले आणि हात थांबला. फट तशीच ठेवायची की नाही? मी ती बुजवली. नीट रेघ जुळवून बुजवली नाही, घाईत, तुमच्या त्या कागदावर शाईने बुजली होती तशी. म्हणून शेपटी जाड दिसते. म्हणून लोक लिहितात.

आज ते प्राध्यापकांचं पत्र वाचून मला स्वतःची लाज वाटली. त्या इन्स्पेक्टरांना जाऊनही जमाना झाला असेल. हजारो लोक हे अक्षर वापरतात, फटीवरून कुणाला कोण ओळखणार? तुम्ही त्या दिवशी जे केलंत ते मी शिकायचं नव्हतं, आणि मी नेमकं तेवढंच शिकले. म्हणून सकाळी बसले, 'ह' उघडला आणि शेपटीतली फट मोकळी केली. किती साधा, किती आपला दिसला तो, आण्णा. वाटलं आता काका दारातून येऊन विचारतील, आपला लंगडा बरा हाय न्हवं. नव्या आवृत्तीत तो घातला, सोबतच्या माहितीच्या तळाला तुमच्या छापखान्याचं नाव लिहिलं, आणि पाठवायचं तेवढं राहिलं. तोच जिन्यावर बूट वाजले. जड, एका लयीत, आपल्याच दारापर्यंत. मी उठले, दार उघडलं. गॅसचा सिलिंडर घेऊन माणूस उभा होता, घामाघूम, पाणी मागत होता.

त्याला पाणी दिलं. पण खरं सांगते आण्णा, दार उघडायला उठण्याआधी मी 'ह' परत बुजवला होता.